होडीवर मोबाईल चार्ज करायचा तर

प्रश्न : हर्णैला आमची लहान होडी आहे. इंजिनाची 12 व्होल्टची, 60 अँपिअर-अवरची बॅटरी आहे. तिच्यावर दोन मोबाईल आणि नकाशाचा टॅब चार्ज करायला इन्व्हर्टर घ्यावा का?

उत्तर : इन्व्हर्टरच्या भानगडीत पडूच नका. 12 चे 230 करायचे आणि चार्जरने पुन्हा 5 वर आणायचे, हा द्राविडी प्राणायाम. वाटेत वीज फुकट जाते, आणि ओल्या होडीत 230 व्होल्ट हवेत कशाला? थेट 12 व्होल्टवर चालणारं, झाकणाचं यूएसबी सॉकेट बसवा. 5000 एमएएचचा मोबाईल पूर्ण भरायला तुमच्या बॅटरीतले जेमतेम 2 अँपिअर-अवर जातात, टॅबला थोडे जास्त. तरी चार्जिंग इंजिन चालू असतानाच उरका.

खरी गोम तारेत आहे. फ्यूज बॅटरीच्या प्लसला लागून हवा. बरेच वायरमन तो सॉकेटपाशी लावतात, मग मधली तार घासून शॉर्ट झाली की फ्यूज असून नसल्यासारखा. तार कथिलाचा मुलामा दिलेली घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडतं, वरचं प्लास्टिक मात्र नवंकोरं दिसतं!

व्हीएचएफ (होडीवरचा बिनतारी रेडिओ) असेल तर बंदरातच सॉकेट चालू-बंद करून चॅनल 16, म्हणजे संकटात हाक देण्याचा चॅनल, ऐका. स्वस्त सॉकेटने खरखर येते. आली तर ते बदला.

आणि मोबाईलच्या तोंडात खारं पाणी गेलं असेल, तर पुरतं सुकल्याशिवाय पिन घालू नका. पिना गंजून जातात.