‘तुम्ही द्याल ते’

मुलाखत चांगली होते, तांत्रिक प्रश्नांची उत्तरेही येतात, पण ‘पगाराची अपेक्षा किती?’ असे विचारले की घशाला कोरड पडते; आकडा सांगितला तर हातातोंडाशी आलेली नोकरी जाईल अशी धास्ती वाटते, तेव्हा काय करावे? कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशन केंद्रात ही शंका इतक्यांदा विचारली जाते की प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्याऐवजी एक हकिकतच सविस्तर सांगावी असे वाटले. ज्याची ही हकिकत आहे त्याची परवानगी मी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

विनायक माझ्याकडे 2024 च्या जुलैमध्ये आला. वय 27, मेकॅनिकलचा डिप्लोमा, हातकणंगले तालुक्यातल्या गावातून रोज मोटारसायकलने शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतीव कामाच्या कारखान्यात, जाणारा. 2019 च्या सप्टेंबरमध्ये तिथे लागताना मालकांनी अपेक्षा विचारली, तेव्हा तो म्हणाला होता, “तुम्ही द्याल ते.” त्यांनी दिले ते त्याने घेतले आणि पुढची सगळी वाढ त्याच पायावर होत गेली. त्याच्यानंतर लागलेला, त्यानेच काम शिकवलेला मुलगा आपल्यापेक्षा जास्त पगार घेतो, हे त्याला एके दिवशी गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर कळले. आता पुण्याजवळच्या चाकणमधल्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत त्याची पहिली फेरी पार पडली होती आणि दुसरी आठ दिवसांवर होती.

पगाराकडे वळण्याआधी मी त्याला त्याच्या कामाविषयी बोलते केले. त्याच्या जवळजवळ प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘आम्ही’ होता. आम्ही रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे नग, कमी केले, आम्ही तपासणीची पद्धत बदलली. आपल्याकडे ‘मी केले’ असे म्हणणारा माणूस चढेल समजला जातो. घरात आणि गावात हा संकोच शोभूनही दिसतो. मुलाखत घेणाऱ्याला मात्र त्या ‘आम्ही’मधला हा एक माणूस नेमके काय करत होता, हेच जाणून घ्यायचे असते. “त्यात तुम्ही स्वतः काय केलेत?” हा प्रश्न मी तीनदा विचारला, तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर आली. बेअरिंग हाउसिंग नावाच्या एका भागाच्या कास्टिंगमध्ये, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या नगात, ब्लो-होल (वायूने पडणारी पोकळ भोके) येत होते आणि शंभरांतले नऊ नग बाद होत होते. साच्याच्या वाळूतला ओलावा पाळीतून एकदाच तपासला जात असे. विनायकने स्वतःहून तो दर दोन तासांनी तपासून वहीत लिहायला सुरुवात केली. दुपारच्या पाळीत पाणी जास्त पडते, त्या पाण्याची वितळलेल्या धातूच्या उष्णतेने वाफ होते आणि ती कास्टिंगमध्ये अडकते, हे त्या वहीने दाखवून दिले. चार महिन्यांत प्रमाण पाचावर आले. महिन्याला दोन हजार नग धरले, तर दरमहा ऐंशी कास्टिंग वाचली. मला फाउंड्रीतले काही कळत नाही, तरी हे समजले. म्हणून ते त्याने मुलाखतीतही असेच सांगावे असे ठरले. मोठे शब्द वापरायचे नाहीत आणि ती वही जवळ असल्यासारखे बोलायचे.

दुसरी फेरी चांगली झाली आणि ऑफरचे पत्र ई-मेलने आले. वर्षाला 5,40,000 रुपये. विनायक पेढे घेऊनच आला. त्याच्या हिशेबाने महिन्याचे 45,000 होत होते आणि तेव्हा त्याच्या हातात 28,500 येत होते. पेढा खाल्ला आणि मी त्याच्यासमोर कागद ठेवला.

या कागदावर मी थोडी रेंगाळते, कारण पगाराची भीती बरीचशी हिशेब न केल्यामुळे असते असे माझे मत आहे. पत्रात लिहिलेला आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला आपल्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. विनायकच्या पत्रात मूळ वेतन महिन्याला 18,000 होते. त्यावर 12 टक्क्यांनी कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा 2,160. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांची, तरतूद 4.81 टक्क्यांनी 866. ही रक्कम साधारणपणे सलग पाच वर्षे नोकरी झाल्यावरच मिळते. विम्याचे 500. कामगिरीवर अवलंबून असलेला वार्षिक बोनस 48,000, म्हणजे महिन्याला 4,000, तोही वर्षअखेरीस आणि मिळालाच तर. हे सगळे 45,000 मधून वजा केल्यावर 37,474 उरले. त्यातून विनायकचा स्वतःचा निधीचा वाटा 2,160 आणि राज्य सरकारचा व्यवसाय कर 200 गेला. या उत्पन्नावर आयकर बसत नव्हता, तरी हातात 35,114 येणार होते.

मग त्याने स्वतःच पेन घेतले. चाकणला दोघांत मिळून खोली, मेस आणि महिन्यातून दोनदा गावी येणे-जाणे मिळून 11,000 धरले. उरले 24,114. सध्याच्या पगारातून पेट्रोलचे 2,500 वजा केले तर 26,000 राहत होते. तो बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे मॅडम, पेढे आम्ही तोट्याचे वाटले!”

कामासाठी ती नोकरी त्याला हवीच होती. मोठ्या कंपनीची गुणवत्ता पद्धत शिकण्याची संधी शिरोलीत राहून मिळणार नव्हती, हे तो जाणून होता. प्रश्न एवढाच उरला की मागायचे कसे. “मागितलं आणि त्यांनी ऑफरच काढून घेतली तर?” या प्रश्नाला ‘असे होत नाही’ हे उत्तर मी देत नाही, कारण ते खरे नाही. माझ्या पाहण्यातल्या एका मुलाची ऑफर खरोखर गेली. त्याने लेखी स्वीकार कळवला आणि आठवड्याने पुन्हा जास्त रक्कम मागितली. ऑफर हातात आल्यावर आणि ती स्वीकारण्याआधी, एकदाच, कारणासह आणि सभ्य शब्दांत मागणाऱ्याला फार तर ‘जमणार नाही’ असे ऐकावे लागते, हा माझा अनुभव आहे. दुसऱ्या कंपनीची खोटी ऑफर आहे असे मात्र सांगू नये आणि सध्याचा पगारही फुगवू नये. पगाराच्या स्लिपा आणि बँकेचा उतारा मागतात, आणि तिथे पकडला गेलेला माणूस पगारासोबत शब्दही घालवतो.

सरावात मी कंपनीची एचआर अधिकारी झाले. विनायकने म्हणायचे वाक्य असे ठरले होते: “कामाची जबाबदारी आणि चाकणला राहण्याचा खर्च पाहता माझी अपेक्षा सहा लाखांची आहे.” पहिल्या वेळी तो म्हणाला, “अपेक्षा सहा लाखांची आहे, म्हणजे थोडं कमी असलं तरी चालेल.” मी अजून तोंडही उघडले नव्हते. दुसऱ्या वेळी त्याने “तसं काही नाही, पण” अशी सुरुवात केली. तिसऱ्या वेळी वाक्य बरोबर आले. पण मी गप्प राहिले तशी चार सेकंदांत त्याची चुळबुळ सुरू झाली आणि “साडेपाच केले तरी बघा” असे त्याने आपण होऊन सांगून टाकले. समोरच्याची शांतता त्याला नकारासारखी वाटत होती. मी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि आकडा सांगितल्यावर एक घोट घ्यायचा, तो गिळेपर्यंत बोलायचे नाही, असा नियम घातला.

सातव्या-आठव्या वेळी तो पेला हातात धरून एकदम हसायला लागला. त्याचे वडील वडगावच्या जनावरांच्या बाजारात बैलांचे व्यवहार करतात. “आबा रुमालाखाली समोरच्याची बोटं धरतात मॅडम. किंमत बोटांनी सांगितली की तोंडातून अक्षर नाही. माणूस उठून जायला निघाला तरी आबा तंबाखू मळत बसतात. लहानपणी मला वाटायचं, यांना बैल विकायचा नाही की काय.” त्याला समजवायला मी पेल्यापेक्षा चांगला दाखला शोधत होते, आणि तो त्याच्या घरातच होता. स्वतःची किंमत सांगणे बैलाची सांगण्यापेक्षा अवघड असते हे खरे. तरी त्या दिवसानंतर पेला लागला नाही.

फोन त्याने माझ्याच केंद्रातून केला, समोर तो कागद ठेवून. वाक्य म्हटले आणि थांबला. पलीकडून उत्तर आले की या पदाच्या मर्यादेत सहा लाख बसत नाहीत. इथे त्याने घाई केली नाही, हे मला विशेष वाटले. एकूण रक्कम जिथवर वाढवता येते तिथवर वाढवावी, ते शक्य नसेल तर बोनसचा काही भाग महिन्याच्या पगारात घ्यावा, अशी विनंती त्याने केली. रुजू होण्याच्या तारखेचीही गोष्ट होती. कंपनीला तो महिन्याभरात हवा होता आणि त्याची पाच वर्षे सप्टेंबरमध्ये पूर्ण होत होती. सध्याच्या 14,000 मूळ वेतनावर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी, दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार आणि महिन्याचे सव्वीस दिवस या हिशेबाने, सुमारे 40,400 होत होती. म्हणून दोन महिन्यांचा नोटीस काळ पूर्ण करूनच येईन, असे त्याने नम्रपणे सांगितले. हे त्यांनी लगेच मान्य केले.

तीन दिवसांनी सुधारित पत्र आले. एकूण 5,76,000, बोनसचा भाग निम्म्यावर, मूळ वेतन 19,200. हातात येणारी रक्कम 39,768. सहा लाख मिळाले नाहीत याची थोडी खंत त्याच्या आईला वाटली. तीच आई आठवड्यापूर्वी ‘मिळतंय ते गुमान घे’ म्हणत होती. राजीनामा दिल्यावर जुन्या मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावून महिन्याला पाच हजार वाढवून देऊ केले. विनायकने ते नाकारले, पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही. हे पैसे आजवर कुठे होते, हा प्रश्न त्याने मला विचारला. आजवर ते कुणी मागितले नव्हते, एवढेच मी सांगू शकले, आणि ते ऐकून त्याला बरे वाटले असे मी म्हणणार नाही.

नोव्हेंबरमध्ये चाकणहून त्याच्या पहिल्या पूर्ण महिन्याच्या पगाराच्या स्लिपेचा फोटो आला. व्यवसाय कराच्या 200 रुपयांभोवती लाल पेनाने गोल केला होता आणि खाली लिहिले होते, “मॅडम, ह्याच्यावर कुणाशी बोलायचं?”