खुंटीवरची वेटोळी

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की वाद्यांवरून उतरवलेल्या तारांचे दागिने करते आणि त्यांतून सुटणारे पैसे कॅन्सरच्या रुग्णांच्या राहण्या-जेवणासाठी पाठवते. त्यावर बरीच पत्रं आली. जी इतरांच्याही कामाला येतील, ती इथे घेते आहे.

*काकू, माझे वडील सतार वाजवायचे. तीन वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरने गेले. सतारीच्या तारा बदलून घेतल्या तेव्हा जुन्या मी जपून ठेवल्या. आम्हा तिघी बहिणींसाठी त्यांची कानातली करायची आहेत. पहिल्याच तारेला माझी दागिन्यांची पक्कड खचली आणि तुकडा उडून गालाला लागला. काय चुकलं? — एक वाचक, दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर*

गालावर निभावलं हे नशीब समज, डोळाही जाऊ शकला असता. सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य तार, कडेच्या चिकारीच्या आणि खाली आपोआप घुमणाऱ्या तरफेच्या तारा पोलादी असतात. हे पोलाद ओढून ओढून इतकं कडक केलेलं असतं की मऊ चांदी-पितळेसाठीची पक्कड त्याच्यापुढे टिकत नाही. हार्डवेअरच्या दुकानात कडक तार कापायचा कटर मागायचा, साधा नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. कापताना तुकड्यावर फडकं धरायचं, म्हणजे तो उडून जात नाही. आणि वाद्यावरची ताणलेली तार कधीही कापू नका. आधी खुंटी सैल करून ती पूर्ण उतरवा. साध्या गिटारच्या सहा पोलादी तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या वर जातो, मग एक तार सुटली तर काय करेल ते लक्षात येईल.

जोडीची आणि खर्जाची, म्हणजे खालच्या सुरांची तार पितळी किंवा कांस्याची असते, तिचं वागणंच वेगळं. ती गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत धरली आणि पाण्यात टाकली, की हवी तशी वळते. पोलादी तारेला असं करायला जाऊ नका. लाल करून पाण्यात बुडवली की ती काचेसारखी होते, वळवताना तुटते. पोलाद थंडच वळवायचं, पेनाच्या टोपणासारख्या गोल वस्तूभोवती. हवा त्यापेक्षा थोडं जास्तच वळवा, कारण सोडल्यावर ती उघडते.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. तारेचं जे टोक खुंटीवर गुंडाळलेलं असतं, तिथे वर्षानुवर्षांची वेटोळी बसलेली असतात. तार उतरवली तरी ती जात नाहीत. चार-पाच फेरे, एकमेकांना चिकटून, खालचा किंचित मोठा. पहिल्यांदा मीही ती सरळ करायला बसले होते. मग हातात धरून उजेडात पाहिली आणि थांबले. ते वळण माझ्या आत्याच्या हातचं होतं. रोज पहाटे ती तंबोरा लावायची, तिच्या बोटांनी खुंटी जितकी फिरवली तितकं ते वळण घट्ट होत गेलेलं. ते मी कसं सरळ करणार? तेवढाच भाग कापून घेतला, टोक आत वळवलं, कानशीने गुळगुळीत केलं आणि वर चांदीचा हूक लावला. तुझ्या वडिलांच्या तारांनाही अशी वेटोळी असतील. ती तशीच ठेव. तिघी बहिणींच्या कानांत तीन खुंट्यांची वळणं जाऊ देत, एकसारखी व्हायची गरज नाही.

हूक मात्र तारेचे करू नका. ही चूक मी केली आहे, म्हणून आग्रहाने सांगते. एका मुलाने इलेक्ट्रिक गिटारच्या तारा आणून दिल्या होत्या, त्यांचेच हूक करून शेजारच्या सुनेला कानातली दिली. दोन दिवसांत तिचे कान सुजले, पाळीला पाणी सुटलं. त्या तारांवर बहुतेक वेळा निकेलचा थर असतो आणि निकेल पुष्कळांना सोसत नाही. तेव्हापासून सराफ्यातून 92.5 ची चांदीच आणते. कातडीला लागणारा भाग चांदीचा, बाकी तार. पितळ-कांस्य घामाने कळकतं, त्याला चिंचेच्या पाण्यात घासून, पूर्ण वाळवून वर पारदर्शक लॅकरचा हात द्या.

*माझी धाकटी जाऊ स्तनाच्या कॅन्सरमधून उठली आहे. काखेतल्या गाठीही काढल्या. तिच्यासाठी गिटारच्या तारांची बांगडी करते आहे. मोजमाप घट्ट ठेवू की सैल? — एक वाचक, उज्जैन*

त्या बाजूच्या हातात बांगडी नकोच, सैलसुद्धा नको. काखेतल्या गाठी काढल्या की हातातला पाण्याचा निचरा कमी होतो आणि कधी कधी वर्षांनंतरही हात सुजतो. आवळणारं काही त्या हातात घालू नये असंच सांगतात. दुसऱ्या हातातही डॉक्टरांना विचारून घाला. मी म्हणेन, तिच्यासाठी पदराची पिन करा, किंवा गळ्यात लांब घालायची साखळी. मात्र शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू असेल आणि मानेची, छातीची कातडी काळवंडून सोलवटली असेल, तर तोवर गळ्यातही काही नको.

आणखी दोन गोष्टी. किमो घेतलेल्यांची बोटं कधी कधी बधिर होतात, बारीक फासा त्यांना लावता येत नाही. मोठा आकडा ठेवा, एका हाताने अडकवता येईल असा. दुसरं, तारेचं टोक. पांढऱ्या पेशी कमी असताना एवढासा टोचलेला काटाही चिघळू शकतो. तयार झालेला दागिना मी आत्याच्या जुन्या रेशमी पदरावरून फिरवते. एक जरी धागा अडकला तरी परत कानस घेते. आणि पोलादी तार चुंबकाला चिकटते, म्हणून डबीत चिठ्ठी घालते: एमआरआयच्या आधी काढून ठेवणे.

*आम्ही कॉलेजच्या मैत्रिणी डिसेंबरात तानसेन समारोहाच्या सुमारास असे दागिने विकणार आहोत. कार्डावर ‘उत्पन्नाचा काही भाग कॅन्सरग्रस्तांसाठी’ असं छापलं तर चालेल ना? — ग्वाल्हेर*

नाही चालणार. मुलींनो, राग मानू नका, पण ‘काही भाग’ म्हणजे किती? एक रुपया की शंभर? घेणारा कॅन्सरचं नाव ऐकून पाकीट उघडतो. त्याच्या घरीही कुणीतरी गेलेलं असतं. माझ्या कार्डावर असं असतं: किंमत 300, हूक, डबी, लॅकर 170, धर्मशाळेला 130. चांदीचा भाव वर गेला की आकडे बदलते, पण झाकत नाही. माझी मजुरी मी धरत नाही. तुम्हाला धरायची असेल तर जरूर धरा, फक्त तीही कार्डावर लिहा.

ज्या संस्थेला पैसे देणार, तिला आधी पत्र लिहून विचारा. न विचारता तिचं नाव किंवा बोधचिन्ह छापू नका. आणि देणगीवरच्या करसवलतीची पावती गिऱ्हाइकाला देऊ असं कबूल करू नका. त्याने वस्तू विकत घेतली आहे, देणगी तुम्ही देणार आहात. पावती देणाऱ्याच्या नावाने होते. पैसे बँकेतून पाठवा, रोख दोन हजारांच्या वर दिले तर करसवलत मिळत नाही.

कुणाला द्यायचे, हेही तुम्ही विचारलं असतंत तर बरं झालं असतं. औषधाचं सगळ्यांना सुचतं, राहण्याचं सुचत नाही. 2011 साली आत्याला घेऊन आम्ही पंजाब मेलने मुंबईला गेलो, टाटा हॉस्पिटलला. ऑपरेशन झालं, मग शेक आठवड्याचे पाच दिवस, असे पाच आठवडे. शेक पाच-दहा मिनिटांचा, पण त्यासाठी माणूस मुंबईत राहायला हवा. खिशातले पैसे कशात गेले म्हणाल तर राहण्यात आणि जेवणात. पुढे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, तेव्हा वडिलांनी पहिल्यांदा पोटभर जेवलेलं मी पाहिलं. संध्याकाळी तिथल्या जिन्यात आत्या डोळे मिटून पूरिया गुणगुणायची. तंबोरा इथे लष्करात, गवसणीत. माझे पैसे तिकडेच जातात.

*आजोबांच्या जुन्या तंबोऱ्याचा भोपळा फुटला आहे. घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, हस्तिदंती आहे म्हणतात. तिचे लोलक करता येतील का? — वडोदरा*

हस्तिदंताला हात लावू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची विक्री गुन्हा आहे, सांबरशिंगाच्या घोडीचंही तेच. ती विकू नका, वनखात्याच्या कार्यालयात विचारून पुढचं ठरवा. भोपळ्याच्या फुटक्या तुकड्यांचं मात्र छान होतं. इतके हलके की कानांत आहे हे कळत नाही. पण त्याआधी एखाद्या जाणत्या कारागिराला दाखवा. मिरजेचे कारागीर भोपळा बदलून देतात, आणि वाजू शकणारं वाद्य दागिन्यांसाठी मोडू नये.

*गिटारची जुनी नखी गरम करून वाकवली तर चालेल का? — इंदूर*

सेल्युलॉइडची असली तर भुर्रकन पेटेल. गरम करू नका, बारीक भोक पाडून लटकवा.

*मी आठवीत आहे. माझ्या गिटारची एकच तार तुटली आहे. एक तार पाठवली तर चालेल का? — मुरैना*

चालेल, बाळा. एका तारेत कानातल्यांचा जोड होतो आणि टोकाला जो पितळी मणी असतो तोही कामाला येतो. पाकिटात मोकळी टाकू नकोस, पोस्टातल्या काकांच्या हाताला टोचेल. गोल गुंडाळून काड्यापेटीत ठेव आणि चिकटपट्टी लाव. सोबत चिठ्ठीत लिही, कितवी तार होती आणि तुटली तेव्हा काय वाजवत होतास. ते मी कार्डावर घालते.