अॅपवर सोलापूरची हवा 'समाधानकारक' दिसते, मग लेकरू खोकतंय का?

कारण 'समाधानकारक' म्हणजे पीएम २.५ हे धूलिकण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत, २४ तासांच्या सरासरीने. ही आपली २००९ची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची २४ तासांची मर्यादा १५ वर आणली. म्हणजे आपलं 'समाधान' चौपट ढिलं! लहान मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुफ्फुसं अजून वाढत असतात. माझी पोरगी सात रस्ता चौकात सिग्नलवर थांबते तेव्हा तिचं नाक बरोबर रिक्षाच्या धुराच्या उंचीवर येतं. मर्यादेचा फेरविचार व्हायलाच हवा, आणि तो मुलांना धरून. सोलापूर तसंही राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवेची मानकं न गाठलेल्या शहरांच्या, यादीत आहेच. खोकला आठवड्यावर गेला तर मात्र अॅप बाजूला ठेवा, डॉक्टरांना दाखवा.