सात खड्यांच्या कुड्यांना व्हीव्हीएस हवंच का?

मुलीच्या लग्नाला हिऱ्याच्या कुड्या करताय. बेळगावात शहापूरचा सराफ व्हीव्हीएस (हिऱ्याच्या नितळपणाची वरची प्रत) सांगतोय, खडे बाजारातला सराफ तिच्याखालची व्हीएस, आणि जास्तीचे पैसे कशाचे हे कळेना, असं तुम्ही विचारलंय.

खडे पाच-पाच सेंटचे (सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग) असतील तर व्हीएस घ्या. पाच सेंटचा खडा जेमतेम अडीच मिलिमीटरचा. क्लॅरिटी, म्हणजे हा नितळपणा, ठरवतात ती दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली. तिच्या प्रती उतरत्या क्रमाने व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, आय. व्हीव्हीएसमधला डाग जाणकारालाही मुश्किलीने सापडतो, व्हीएसमधला थोडं शोधल्यावर, एसआयमधला भिंग लावताच. आयमधला बहुधा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. म्हणजे व्हीव्हीएस आणि व्हीएसमधला फरक कानात घातल्यावर दिसणारच नाही. चमक येते ती कटमुळे.

एसआय चालेल का? इथे मात्र नुसतं अक्षर बघून भागत नाही. डाग कसला आणि कुठे, ते बघावं लागतं. कडेला पांढरा बारीक ठिपका असेल तर खुशाल घ्या. मधोमध काळा कण असेल तर नको, कारण तो आतल्या पैलूंत चार ठिकाणी उमटतो. जुन्या रत्नपरीक्षेत काकपद, म्हणजे कावळ्याच्या पायासारखा काळा डाग, हा दोष धरत, तो उगाच नव्हे. धुरकट ढग असेल तर खडा दुधाळ दिसतो. चीर कडेपर्यंत गेलेली असेल तर खडा धरणारे काटे दाबताना टवका उडू शकतो.

दुकानात भिंग मागा, हक्काने. आधी खडे मऊ कापडाने पुसून घ्या. भिंग डोळ्याला टेकवा आणि कुडी इंचभरावर आणा. पिवळ्या फोकसखाली सगळंच लखलखतं, त्यापेक्षा दारातल्या उजेडात या. पुसल्यावर गेला तो धूळकण, राहिला तो डाग. कुडी मागून उघडी असेल तर तिकडूनही बघा. बंद कोंदणात निम्मं झाकलेलं असतं.

कागदाचं म्हणाल तर हॉलमार्क आणि एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला नंबर) सोन्याच्या शुद्धतेचे, हिऱ्याचे नव्हेत. जीआयए ही हिरे तपासणारी लॅब फक्त सुट्या हिऱ्यांची प्रत ठरवते. आयजीआय ही दुसरी लॅब बसवलेल्या दागिन्याचाही रिपोर्ट देते, पण कोंदणातल्या खड्याची प्रत जिथवर दिसते तिथवरचीच, आणि चौदा खड्यांना मिळून एकच ‘व्हीएस’ किंवा ‘व्हीएस-एसआय’ लिहिलेलं असतं. दुकानाने स्वतःच छापलेलं कार्ड म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. रिपोर्टचा नंबर लॅबच्या वेबसाइटवर तिथेच टाकून बघा, आणि हिरे खाणीतले की लॅबमधले, हे बिलावर लिहून घ्या.

आणखी एक. चौदा खडे पाच सेंटचे म्हणजे 70 सेंट, म्हणजे 0.14 ग्रॅम. एवढं वजन सोन्यातून वजा केलंय ना, ते बिलात बघा. नाहीतर हिऱ्याचे पैसे दिल्यावर त्याच वजनाचे सोन्याच्या दरानेही द्याल.