टीमच्या पानावर माझ्या नावाखाली काय लिहू?

प्रश्न : मी कळव्याला राहते. नवी मुंबईतल्या एका कॉलेजात एस.वाय. बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीला आहे. आमच्या विद्यापीठाची टीम यंदा आयजेम या सिंथेटिक बायोलॉजीच्या (जनुकं बदलून जीवांकडून नवी कामं करून घेण्याच्या शास्त्राच्या) आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरतेय. खाडीच्या पाण्यातला पारा ओळखणारा जिवाणू तयार करायचा, असा आमचा प्रकल्प आहे. निवड झाली तेव्हा घरी पेढे आणले. पण कामं वाटताना वेट लॅब (म्हणजे प्रत्यक्ष प्रयोग) सीनियर्सकडे गेली, मॉडेलिंग कॉम्प्युटरच्या मुलांकडे, आणि माझ्या वाट्याला आलं ‘ह्यूमन प्रॅक्टिसेस’. म्हणजे मच्छीमारांशी, तज्ज्ञांशी बोलायचं आणि शाळांमध्ये कार्यक्रम करायचे. बाबा म्हणतात, हे एनजीओचं काम झालं, त्यासाठी बायोटेक कशाला घ्यायचं? आता वेबसाइटवर प्रत्येक सदस्याची ओळख टाकायची आहे. बाकीच्यांनी भराभर लिहून दिली, मला एक ओळ सुचत नाही. टीम सोडू का? स्पर्धेसाठी पॅरिसला जायच्या खर्चाचंही टेन्शन आहेच.

उत्तर : सोडू नकोस. निदान या कारणासाठी तरी नको. ओळख सुचत नाही याचं खरं कारण मला तुझ्या पत्रातच दिसतं. तुला काय काम मिळालं ते तू लिहिलंयस, पण त्यात तू काय केलंस ते कुठेच नाही. ते घडलं की ओळख लिहायला दहा मिनिटं लागतील.

आधी बाबांसाठी थोडं. आयजेमची सुरुवात जानेवारी 2003 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या एका छोट्या कोर्समधून झाली. पुढच्या वर्षी पाच विद्यापीठांच्या टीम उतरल्या आणि तिथून ती जगभर पसरली. पूर्वी सगळे बॉस्टनला जमायचे, 2022 पासून पॅरिसला जमतात. आपल्याकडून आयआयटी मद्रास, आयसर पुणे यांच्या टीम गेल्या आहेत, माटुंग्याच्या आयसीटीचीही गेली आहे. म्हणजे प्रकार गंभीर आहे. पण एक गोष्ट बाबांना आत्ताच सांगून ठेव, नाहीतर नंतर नातेवाइकांत गोंधळ होईल. इथलं सुवर्णपदक म्हणजे पहिला नंबर नव्हे. ठरवून दिलेले निकष जी टीम पूर्ण करते तिला ते मिळतं, मग अशा टीम कितीही असोत. निकष कठीण असतात, पदकाला किंमत आहेच. पण ‘जगात पहिली आली’ असं सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये.

आता दुसऱ्या टीमांची सदस्यांची पानं उघडून बघ. पांढरा कोट, हाताची घडी, खाली ‘चहाची वेडी, मांजरांची लाडकी, वेट लॅब मेंबर’. अशी ओळख वाचून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. एम.एस्सी.च्या किंवा प्रोजेक्टच्या मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘टीमने काय केलं ते राहू दे, तू काय केलंस?’ आणि तिथे वेट लॅबवाले भलेभले अडकतात. ‘आम्ही क्लोनिंग केलं’ म्हणतात, म्हणजे हवं ते जनुक जिवाणूत घातलं. जिवाणू वाढवायच्या प्लेटमध्ये अँटिबायोटिक कुठलं होतं? कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, प्लेटवर काही उगवलं का? उगवलं, तर त्याचा अर्थ काय लावलात? शांतता. कारण ते काम सीनियरने केलेलं असतं आणि हे बाजूला ट्यूबवर नावं घालत उभे असतात. तेव्हा वेट लॅब मिळाली म्हणजे गड जिंकला, असं अजिबात नाही.

तुला हेवा वाटतो ते काम जवळून कसं असतं तेही सांगतो. बर्फात ठेवलेल्या ई. कोलाय या जिवाणूच्या पेशींत प्लाझमिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, घालायचं (याला ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात), 42 अंशांना मिनिटभरापेक्षा कमी वेळ उष्णतेचा एक झटका द्यायचा, पुन्हा बर्फात, मग 37 अंशांना तासभर, मग प्लेटवर पसरून रात्रभर ठेवायचं. सकाळी जिवाणूंच्या वसाहती (ठिपके) दिसल्या तर ठीक. कितीतरी सकाळी प्लेट कोरी असते. मग पेशी खराब होत्या, डीएनए कमी पडला की डीएनएच्या तुकड्यांची आधीची जोडणीच चुकली, हे शोधत बसायचं. चिकाटी असलेल्या मुलांसाठी हे सोनं आहे. मॉडेलिंगवाल्यांचं काम तितकंच कोरडं दिसतं. तुमच्या प्रकल्पात बहुधा मेरआर हे प्रथिन असेल. पारा नसताना ते चमक देणाऱ्या जनुकाच्या सुरुवातीला बसून त्याला गप्प ठेवतं आणि पारा चिकटला की तेच प्रथिन त्या जनुकाला सुरू करतं. किती पाऱ्याला किती वेळात किती चमक दिसेल, हे समीकरणांनी काढायचं. पायथन येत असेल तर एका संध्याकाळी त्यांच्याशेजारी बस, गंमत वाटेल.

आता तुझं काम. ते एनजीओचं होतं की विज्ञानाचं, हे एकाच गोष्टीवर ठरतं: तू बाहेरून जे ऐकून आलीस त्याने लॅबमधला एखादा प्रयोग बदलला का? शाळेत पोस्टर लावून फोटो काढले, मच्छीमारांसोबत सेल्फी घेतला, ‘जनजागृती केली’ असं लिहिलं, तर बाबांचं म्हणणं खरं आहे. परीक्षकही ते ओळखून असतात.

दिवाळे गावात किंवा ऐरोलीच्या कोळीवाड्यात जा आणि ‘प्रदूषणाबद्दल काय वाटतं’ असलं काही विचारू नकोस. त्यावर सगळे तेच बोलतात. जाळं कुठल्या पाण्यात टाकता, कधी टाकत नाही, एमआयडीसीकडच्या नाल्याच्या तोंडाशी पाणी कधी वेगळं दिसतं, हे विचार. ते भरतीच्या भाषेत उत्तर देतील. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची. पावसाळ्यात वरून गोडं पाणी येतं तेव्हा सगळा हिशोबच वेगळा. हे ऐकून वहीत नोंद करून परत आलीस तर काम अर्धं झालं. ते लॅबमध्ये नेणं हे उरलेलं अर्धं. खाडीचं पाणी निमखारं, त्याचा खारेपणा भरतीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतो. तुमचा जिवाणू मात्र लॅबच्या ठरावीक माध्यमात लाडाने वाढलेला. मीठ वाढलं की त्याची वाढ मंदावते. शिवाय खाऱ्या पाण्यात पारा क्लोराइडशी जोडला जातो, त्यामुळे पेशीच्या आत किती शिरतो हेही बदलतं. म्हणजे पारा तेवढाच असूनही ओहोटीच्या नमुन्यात चमक एक आणि भरतीच्या नमुन्यात दुसरी येऊ शकते. ‘तीन-चार वेगवेगळ्या खारेपणाला चाचणी घेतल्याशिवाय आपला आकडा खाडीला लागू पडत नाही’, हे टीमच्या मीटिंगमध्ये तू म्हणालीस आणि वेट लॅबने त्याप्रमाणे प्रयोग लावला, की झालं तुझं काम. ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

दुसरी बाजू कायद्याची. 2006 मध्ये एडिनबरा विद्यापीठाच्या आयजेम टीमने पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक ओळखणारा जिवाणू मांडला होता. पाण्याची आम्लता बदलते आणि त्यावरून कळतं, इतकी स्वस्त आणि साधी कल्पना. पण अशा कल्पनेला गावातल्या हातपंपापर्यंत जाताना पहिला अडथळा येतो तो हाच, की जनुक बदललेला जिवाणू प्रयोगशाळेबाहेर न्यायचा कसा? आयजेमचा नियमच आहे, असे जीव बाहेर सोडायचे नाहीत. आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे 1989 चे नियम आहेत. त्यानुसार असं काम करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते. तुमच्या टीममध्ये त्या समितीपुढचा अर्ज कोण भरतंय? आज जाऊन विचार. बहुतेक ‘सर बघतील’ असं उत्तर येईल. तो अर्ज तू अंगावर घे. किचकट आहे, कंटाळवाणा आहे, म्हणूनच रिकामा पडलेला असतो. तो भरायचा तर प्लाझमिड कुठलं, जिवाणूचा वाण कुठला, कचरा ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक) कोण करतं, हे सगळं समजून घ्यावंच लागतं. आणि बाबांना सांग, औषध कंपन्यांमध्ये रेग्युलेटरी अफेअर्स नावाचा अख्खा विभाग असतो. तिथे विज्ञान समजणारी आणि नियम वाचू शकणारी माणसं लागतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात तर बाबांच्या ओळखीतलं कुणीतरी अशा विभागात असेलच, त्यांनाच विचारा.

एवढं सांगून मी तुला बेंचपासून, म्हणजे प्रयोगाच्या टेबलापासून, दूर राहायला मात्र सांगणार नाही. पुढे एम.एस्सी. करायची असेल तर पीसीआर लावणं (डीएनएच्या प्रती काढणं), जेल चालवणं (डीएनएचे तुकडे वेगळे करून बघणं), प्लेट वाचणं हाताला सवयीचं हवं, आणि नुसत्या बी.एस्सी. बायोटेकवर आपल्याकडे चांगल्या नोकऱ्या कमी आहेत, तेव्हा एम.एस्सी. करावीच लागेल असं धरून चाल. टीम लीडरला सरळ सांग: सुट्टीत दोन आठवडे मी वेट लॅबमध्ये बसणार, मला एक प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करू द्या. फसला तरी चालेल, कंट्रोलसकट लिहून ठेव. नाही म्हणाले तर मेंटर सरांकडे जा. चिडू नकोस, पण गप्पही बसू नकोस.

आता ओळख. आत्ता लिहिलीस तर ती अशी होईल: ‘एस.वाय. बायोटेकची विद्यार्थिनी, समाजासाठी काहीतरी करण्याची तळमळ, मोकळ्या वेळात चित्रकला.’ हे नको. दोन-तीन महिन्यांनी अशी लिहिता आली पाहिजे: ‘दिवाळ्याच्या मच्छीमारांशी बोलून भरती-ओहोटीप्रमाणे नमुने घेण्याचं वेळापत्रक तयार केलं, त्यावरून टीमने वेगवेगळ्या खारेपणाला सेन्सरची चाचणी घेतली. जैवसुरक्षेचा अर्ज लिहिला. मेरआर प्लाझमिडचं एक ट्रान्सफॉर्मेशन स्वतः केलं.’ चित्रकला खाली एका ओळीत येऊ दे, माणूस आहे हे कळायला हरकत नाही. सध्या वेबसाइटला घाई असेल तर नाव, वर्ष आणि कामाची एक साधी ओळ देऊन टाक. पान नंतर बदलता येतं; स्पर्धेआधी ते गोठवतात, म्हणजे मग बदल करता येत नाही, तोपर्यंत वेळ आहे. आणि ओळखीच्या पानाइतकंच ‘अ‍ॅट्रिब्युशन्स’ नावाच्या पानाकडे लक्ष ठेव. कोणी काय केलं हे तिथे प्रत्येक टीमला जाहीर करावंच लागतं, कांस्यपदकाचीसुद्धा ती अट आहे. त्यासाठी तारखेसह वही आजपासून ठेव. ऐनवेळी आठवून लिहायला बसलं की ज्याचा आवाज मोठा त्याच्या नावावर काम जातं.

पॅरिसचं म्हणशील तर सगळ्यांनी जायलाच हवं असं नसतं. टीमची नोंदणी फी काही हजार डॉलर असते आणि तिथे प्रत्यक्ष हजर राहण्याचा खर्च माणशी वेगळा. कॉलेज किती देणार, प्रायोजक किती मिळाले, हे लेखी येईपर्यंत बाबांनी एफडी मोडायची नाही. कर्ज तर मुळीच काढायचं नाही. न गेलीस म्हणून तुझं काम कमी होत नाही. बायोडेटात ‘पॅरिसला गेले होते’ ही ओळ कुणी फारशी वाचत नाही.

वेळेचा अंदाज मात्र घरच्यांना आधी दे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वेबसाइट गोठते, महिनाअखेरीस स्पर्धा, आणि आपल्या सेमिस्टर परीक्षाही त्याच सुमारास येतात. कळवा ते ठाणे, तिथून ट्रान्सहार्बर, असा रोजचा प्रवास धरला तर सप्टेंबर अवघड जाणार. तरी हे एस.वाय.लाच करतेयस ते बरं. टी.वाय.ला आयआयटी जॅम आणि गॅट-बी या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षांचा अभ्यास असतो, तेव्हा पुन्हा टीममध्ये घ्यायला आले तर सल्लागार हो, सदस्य होऊ नकोस. आणि परीक्षेच्या तारखांची अडचण दिसत असेल तर मेंटर सरांची सही घेऊन प्राचार्यांना पत्र ऑगस्टमध्येच दे. ऑक्टोबरमध्ये दिलेल्या पत्राला ‘आता काही करता येत नाही’ हेच उत्तर येतं.