फिल्टर बदलण्याआधी पाणी कुठून कुठे जातंय ते बघा

माशांचा आणि पाणझाडांचा तीन फुटी टँक, ताशी १००० लिटरचा कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर), झाडांसाठी सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड चालू, खत वेळेवर. तरी डावीकडची रोटाला (उभ्या काड्यांचं पाणझाड) तजेलदार आणि उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यातली तीच रोटाला खालून पानं गाळतेय, शेजारच्या अनुबियासवर (रुंद पानांचं पाणझाड) काळं केसाळ शेवाळ आणि पानांवर गाळ. खत वाढवू की मोठा फिल्टर घेऊ, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते सध्या दोन्ही नको.

पाण्यात टाकलेलं खत विरघळून टँकभर जातं. पोटॅशियम कमी असतं तर जुन्या पानांना बारीक भोकं पडली असती, लोह कमी असतं तर नवे शेंडे फिके पडले असते, आणि ते दोन्ही बाजूंना दिसलं असतं. एकाच जातीचं झाड एकीकडे खुशीत आणि दुसरीकडे रडतंय, म्हणजे त्या कोपऱ्यात काहीतरी पोचत नाहीये. लाइट तिथवर नीट पडतोय का ते एकदा बघून घ्या. पडत असेल, तर संशय पाण्यावरच.

सीओटू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या साधारण १०,००० पट सावकाश तो पाण्यात पसरतो. त्यात प्रत्येक पानाला स्थिर पाण्याचा पातळ थर चिकटलेला असतो. त्यातला सीओटू पानाने ओढून घेतला की पुढचा त्या थरातून झिरपत येईपर्यंत पान उपाशी. पाणी हलतं असेल तर थर पातळ राहतो आणि पुरवठा चालू राहतो. म्हणून ड्रॉप चेकर (पाण्यात सीओटू पुरेसा असला की हिरवा आणि कमी असला की निळा दिसणारा छोटा मापक) हिरवा दिसतोय एवढ्यावर विसंबू नका. तो बहुतेक आउटलेटच्या (फिल्टरमधलं पाणी टँकमध्ये परत सोडणाऱ्या नळीच्या) जवळ लावला असेल. उद्या काढून त्या आजारी कोपऱ्यात, खालच्या बाजूला लावा. रंग बदलायला एक-दोन तास लागतात, तेवढा धीर धरा. तिथे निळाच राहिला तर निदान झालं.

आता फिल्टरचं. खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या फिल्टरचा असतो. मीडिया (पाणी गाळणारे स्पंज, खडे वगैरे) भरला, नळ्यांमध्ये बुळबुळीत थर साचला की प्रवाह बराच घटतो. आउटलेटची नळी पाण्याच्या पातळीलाच धरून (खाली धरलीत तर सायफनमुळे आकडा फुगेल) १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. ६० सेकंद लागले तर ताशी ६०० लिटर. ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या टँकमध्ये दगडमाती वगळता १५० लिटरच्या आसपास पाणी उरतं, म्हणजे टँकभर पाण्याच्या फिल्टरमधून तासाला जेमतेम चार फेऱ्या. झाडांच्या टँकला पाच ते दहा फेऱ्या हव्यात, असा ढोबळ हिशोब सांगतात. नळ्या ब्रशने घासा, स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा. एवढ्यावर किती फरक पडतो ते बघाच.

पण आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. आउटलेट डावीकडे आणि इनलेट (फिल्टरकडे पाणी ओढणारी नळी) उजवीकडे लावला की पाणी वरच्या वर सरळ निघून जातं आणि तळ तसाच राहतो. दोन्ही एकाच बाजूला लावा: वरची धार पलीकडच्या काचेवर आदळून खाली वळते आणि तळावरून परत येते. एक गोल तयार होतो. स्प्रे बार (आउटलेटला जोडायची भोकांची आडवी नळी) असेल तर मागच्या काचेला लांबीभर लावून धार पुढच्या काचेकडे सोडा. पाणी पुढून खाली उतरून झाडांमधून मागे जातं. समोरासमोर दोन पंप लावायचा मोह होतो, पण दोन धारा एकमेकींना मारतात. चिमूटभर कोरडा खाऊ चुरून सोडा आणि कण कुठे अडतात ते बघा. कोपऱ्यातल्या झाडांची पानंसुद्धा हलकी डोलली पाहिजेत.

ओंडका मागच्या काचेला टेकला असेल तर दोन-तीन सेंटिमीटर पुढे घ्या. आणि रोटालाचा तो गठ्ठा विरळ करा! दाट झुडपात धार शिरतच नाही, खालची पानं अंधारात आणि साचलेल्या पाण्यात कुजतात. शेंडे कापून अंतर ठेवून पुन्हा लावा, जुने बुडखे काढून टाका. अनुबियासची काळी झालेली पानं सरळ देठापासून कापा. खराब झालेलं पान पुन्हा बरं होत नाही, त्यामुळे सुधारणा नव्या पानांवरच जोखा, त्यालाही दोन-तीन आठवडे लागतात.

धार थोडी वर वळवून पृष्ठभागावर बारीक तरंग ठेवा, म्हणजे तेलकट साय जमत नाही आणि माशांना ऑक्सिजन मिळतो. पाणी खळखळून फुटलं तर मात्र सीओटू उडून जातो. प्रवाह बदललात त्याच आठवड्यात सीओटूच्या बुडबुड्यांचा वेग बदलू नका. आता तो सगळीकडे नीट पोचेल, आणि वाढवलात तर मासे वर येऊन धापा टाकतील.

बेटा (फायटर) जातीसारखा लांब परांचा मासा असेल तर त्याला रुंद पानांमागे एखादी संथ जागा ठेवा. मासे दिवसभर एकाच कोपऱ्यात दबून बसू लागले किंवा माती उडून खड्डा पडायला लागला, तर धार जास्त झाली असं समजा. एवढं सगळं करूनही तो कोपरा मेलेलाच राहिला, तर छोटा वेव्हमेकर (टँकच्या आत बसवून पाणी ढकलणारा पंखा) घ्या आणि तो मुख्य धारेच्याच दिशेने लावा.