नव्या जपानी पटाशीच्या मुठीवरचं कडं ठोकताना निसटतं. काय करू?

पटाशी खराब नाही. जपानी पटाश्यांचं, म्हणजे नोमीचं, कडं बरेचदा नुसतं अडकवलेलं येतं. ते पक्कं बसवायचं काम घेणाऱ्याचं. कडं काढा आणि त्याची आतली तीक्ष्ण कड गोल कानशीनं घासून गुळगुळीत करा. हे टाळू नकाच, नाहीतर तीच कड लाकडाचे तंतू कापते. मग मुठीचं टोक फिरवत फिरवत हातोडीनं हलकं ठोकून दाबून घ्या. कडं चढवा, लाकूड २-३ मिलिमीटर वर राहील इतकं खाली बसवा. टोक किंचित ओलं करून चहूबाजूंनी ठोका. तंतू छत्रीसारखे कड्यावर वळतात. पाण्यात बुडवून ठेवू नका, लाकूड सुकून आकसलं की कडं पुन्हा ढिलं.